टीव्हीखालच्या छोट्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड: पैसे टाकायच्या आधी हे वाचा

ऑफिसांनी काढून टाकलेले डेल, एचपी, लेनोवोचे बारके डेस्कटॉप हल्ली कुठेही मिळतात, लॅमिंग्टन रोडला तर त्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. तसला एखादा आणायचा, टीव्हीखाली सरकवायचा आणि हार्डडिस्कवरचे पिक्चर, यूट्यूब, जुन्या नाटकांच्या डीव्हीडी सगळं त्यावर बघायचं, आयडिया झकास आहे. माझ्या घरी तेच चालतं आणि आता नातेवाइकांचे डबे जुळवून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. त्यात सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं. कारण नेटवर शोधलं की जे मिळतं ते सगळं गेमिंगवाल्यांचं असतं, अमुक गेमला एवढे एफपीएस आणि तमुकला तेवढे.

आपल्याला त्यातलं काहीच नको असतं. व्हिडिओ उलगडायचं म्हणजे डिकोड करायचं काम कार्डावरचा एक वेगळा छोटा भाग करतो, गेम काढणाऱ्या भागाशी त्याचा फारसा संबंध नसतो. त्यामुळे ३० वॉटचं कार्ड जो फोरके पिक्चर आरामात चालवतं तोच चालवायला ३०० वॉटचं कार्ड आणून काही फायदा नाही, आणि उलट एखादं जुनं दणकट गेमिंग कार्ड यूट्यूबच्या एका फोरके व्हिडिओवर गुडघे टेकतं. तेव्हा "बेस्ट कार्ड" शोधणं सोडा. डब्यात मावतं काय, तुम्ही बघता काय आणि टीव्ही घेतो काय, एवढंच बघायचंय.

जवळ काय काय असू द्या:

- पीसीचा मॉडेल नंबर आणि मॅन्युअल. डेल असेल तर मागच्या स्टिकरवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, तो त्यांच्या साइटवर टाकला की नेमक्या तुमच्या मशीनचं मॅन्युअल मिळतं.
- टीव्हीचा मॉडेल नंबर, आणि साउंडबार किंवा रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) असेल तर त्याचाही.
- पोरांच्या कंपासमधली पट्टी, स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक खोडरबर, धूळ उडवायला ब्लोअर.
- मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर, व्हिडिओ फाइल कुठल्या प्रकारची आहे ते हे सांगतं.

१. आधी बघा, कार्ड लागतंय तरी का

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर कार्ड बसवून "फरक काहीच पडला नाही" म्हणतात. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असतं, आणि पिक्चर बघण्यापुरतं ते खूपदा पुरतं.

व्हिडिओ दाबून साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, त्यांना कोडेक म्हणतात: जुनी एच.२६४, आणि नंतरच्या एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१. कुठली पद्धत उलगडता येते ते प्रोसेसरवर किंवा कार्डावर ठरतं. इंटेलचं गणित साधारण असं. चौथ्या पिढीचा आय३, आय५ वगैरे असेल तर एच.२६४ म्हणजे नेहमीचे फुल एचडी पिक्चर छान चालतात, पण हल्लीच्या एचईव्हीसी फायली सगळ्या प्रोसेसरच्या डोक्यावर बसतात. सहावी पिढी अर्धवट आहे, एचईव्हीसी चालतं पण ८ बिटचंच, आणि फोरके एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त दाखवणारे) पिक्चर तर १० बिटचे, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचे असतात. सातव्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही नीट चालतं. एव्ही१ अकराव्या पिढीपासून. प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल, उदाहरणार्थ १०४००एफ, तर आत ग्राफिक्सच नसतं, तिथे कार्ड घ्यावंच लागणार.

एएमडीच्या २२००जी, ३२००जी, ५६००जी यांना एचईव्हीसी आणि व्हीपी९ जमतं, एव्ही१ नाही.

आता सातवी ते दहावी पिढी असलेल्यांसाठी एक गोम. या मशीनमध्ये डिकोडिंग चांगलं असतं पण मदरबोर्डवरचं एचडीएमआय बहुतेक वेळा १.४ असतं, म्हणजे फोरके फक्त ३० हर्ट्झ, सेकंदाला ३० चित्रं. माऊस हलवला तरी ओढल्यासारखा वाटतो आणि मग माणूस म्हणतो कार्डच घेऊ. थांबा. ऑफिसच्या मशीनना मागे डिस्प्लेपोर्ट असतो, त्यातून फोरके ६० हर्ट्झ निघतं. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.० चा ॲक्टिव्ह अडॅप्टर घ्या, ॲक्टिव्ह हा शब्द बघूनच घ्या, कारण साधा स्वस्तातला पॅसिव्ह घेतलात तर परत तेच ३० हर्ट्झ. टीव्हीवर एचडीआर बघायचं नसेल तर काम इथेच संपलं, पुढचं वाचायचीही गरज नाही. एचडीआर हवंच असेल तर मात्र या अडॅप्टरच्या भरवशावर राहू नका.

२. तुम्ही नक्की काय बघता ते तपासा

आपल्या संग्रहातल्या चार-पाच फायली मीडियाइन्फोमध्ये उघडा, जुन्या, नव्या, सगळ्यात मोठ्या. व्हिडिओसमोर एव्हीसी (हेच एच.२६४) लिहिलंय का एचईव्हीसी, आणि बिट डेप्थ ८ का १० एवढंच बघायचं.

सगळं एव्हीसी असेल तर जवळपास काहीही चालेल. एचईव्हीसी १० बिट असेल तर कार्ड साधारण २०१६ किंवा त्यानंतरच्या पिढीचं हवं. यूट्यूब जास्त बघत असाल तर लक्षात घ्या की १०८०पी च्या वर यूट्यूब एच.२६४ देतच नाही, व्हीपी९ किंवा एव्ही१ देतं, आणि एव्ही१ वाढत चाललंय. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडलं की कोडेकसमोर व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसेल. आता कार्डाला एव्ही१ येत नसेल तर आभाळ कोसळत नाही. एनहान्स्ड एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकून त्यात एव्ही१ बंद करायचं, यूट्यूब गपगुमान व्हीपी९ द्यायला लागतं. पण नवीन कार्डाला पैसे मोजणार असाल तर एव्ही१ असलेलंच घ्या, हे माझं ठाम मत.

जुन्या नाटकांच्या आणि मालिकांच्या डीव्हीडी हा आपल्याकडचा खास प्रकार. त्या ५७६ ओळींच्या आणि बऱ्याचशा इंटरलेस्ड असतात, म्हणजे पात्राने हात हलवला की कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा येतात. ते कार्डाचं दुखणं नाही, प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग चालू करा, तेवढ्याने जातं. व्हीसीडी तर ३५२ बाय २८८ च्या, त्या ५५ इंची टीव्हीवर कितीही भारी कार्ड लावलंत तरी मऊच दिसणार, उगाच त्यासाठी खर्च करू नका.

३. डबा उघडा आणि मोजा

सगळ्यात जास्त कार्डं परत जातात ती इथे. डबे ढोबळमानाने तीन प्रकारचे. टॉवर, त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. मग आडवा पातळ एसएफएफ, त्यात फक्त लो प्रोफाइल म्हणजे अर्ध्या उंचीचं कार्ड. आणि वहीएवढा मायक्रो किंवा टायनी, त्यातल्या बहुतेकांत कार्ड बसवायची खाच म्हणजे स्लॉटच नसतो, तो असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, पहिल्या पायरीतलं जे आहे त्यात भागवा.

एसएफएफ असेल तर मागची पट्टी मोजा. पूर्ण उंचीच्या कार्डाची लोखंडी पट्टी साधारण १२ सेंटिमीटर असते, लो प्रोफाइलची ८ ला जराशी कमी. मग बाजूचं झाकण काढून एवढं बघा:

- लांबी. स्लॉटपासून पुढे हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किंवा डीव्हीडी ड्राइव्हपर्यंत किती जागा आहे. लो प्रोफाइल कार्डं १५ ते १८ सेंटिमीटरच्या आसपास असतात, आणि १८ वालं बसेलच असं नाही.
- जाडी. एक स्लॉटचं कार्ड का दोन स्लॉटचं. लांब एक्स१६ स्लॉट एसएमपीएसला म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीला चिकटून असेल तर दोन स्लॉटचं कार्ड विसरा. बसलं तरी पंखा पत्र्याला तोंड लावून बसतो, हवा येणार कुठून?
- झाकण. काही डब्यांत ड्राइव्हचा पिंजरा वरून खाली दुमडतो आणि बरोबर कार्डावर येतो. पिंजरा खाली पाडून मग मोजा.

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये लो प्रोफाइल लिहिलं असलं तरी फोटोत छोटी पट्टी दिसते का ते बघा. नवीन कार्डाच्या खोक्यात बहुतेक वेळा मोठी पट्टी कार्डाला लावलेली आणि छोटी सुटी असते. सेकंडहँडवाल्याकडे ती सुटी पट्टी कधीच हरवलेली असते आणि तो ते सांगत नाही. तीच पट्टी नंतर शोधायला गेलात की कळतं, एवढ्याशा पत्र्याच्या तुकड्याने किती भाव खाल्लाय ते.

४. एसएमपीएस किती वॉटचा आहे

मदरबोर्डचा एक्स१६ स्लॉट नियमाप्रमाणे ७५ वॉटपर्यंत देतो. त्याच्या वरचं कार्ड असेल तर त्याला सहा किंवा आठ पिनची वेगळी वायर लागते, आणि ऑफिसच्या एसएफएफमध्ये ती वायरच नसते. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० एसएफएफमध्ये २५५ वॉटचा एसएमपीएस आहे, ७०५० एसएफएफमध्ये १८० वॉटचा, आणि दोन्हींचा आकार कंपनीचा खास, बाजारातला बदलून बसत नाही. शिवाय काही मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षाही कमी लिहिलेली असते, म्हणूनच वर मॅन्युअल काढायला सांगितलं.

दुकानदार सांगेल, "साटाच्या वायरवरून सहा पिनचं कन्व्हर्टर लावून देतो, चालतंय." नाही चालत. साटाच्या म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरची १२ व्होल्टवर क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट, आणि तुम्ही त्यातून ७५ ओढायला बघताय. प्लास्टिक वितळल्याचे फोटो हवे तेवढे सापडतील.

तेव्हा नियम साधा ठेवा: वेगळी वायर न लागणारं कार्ड, आणि शक्यतो ५० वॉटच्या आतबाहेरचं.

५. टीव्हीपर्यंतची वाट

फोरके ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० पाहिजे, फोरके १२० साठी २.१. पिक्चर तर २४ फ्रेमचे असतात, त्यामुळे नुसते पिक्चर बघायचे तर २.० भरपूर झालं, २४ हर्ट्झला १० बिट एचडीआर पूर्ण रंगांसकट त्यातून जातं. ६० हर्ट्झवर मात्र १० बिट आणि पूर्ण ४:४:४ रंग २.० मध्ये मावत नाही, ४:२:२ म्हणजे रंगांचा तपशील कमी करावा लागतो. सोफ्यावरून बघताना कुणालाही फरक कळणार नाही, ब्राउझरमधल्या बारीक अक्षरांत कळला तर कळला.

टीव्हीतली एक सेटिंग मात्र हमखास राहते. बऱ्याच टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट कारखान्यातून जुन्या मोडमध्ये येतात. सॅमसंगमध्ये "इनपुट सिग्नल प्लस", एलजीमध्ये "डीप कलर"वालं काहीतरी, सोनीमध्ये सिग्नल फॉरमॅट "एनहान्स्ड" अशी नावं असतात, ज्या पोर्टला पीसी लावलाय त्याच्यासाठी ते चालू करा. हे न करता "कार्ड एचडीआर देत नाही" म्हणून कार्ड परत करणारे मी पाहिलेत.

केबल सर्टिफाइड घ्या, १८ जीबीपीएसला "प्रीमियम हाय स्पीड" आणि २.१ ला "अल्ट्रा हाय स्पीड" असं लेबल असतं. मधेच एक सेकंद काळा पडदा येतोय, पांढरे ठिपके चमकतायत, तर आधी केबल बदलून बघा.

आवाजाचं थोडक्यात. पीसी टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला असं जोडणार असाल तर डॉल्बी ट्रूएचडीसारखा पूर्ण आवाज साध्या एआरसीमधून, म्हणजे टीव्हीतून साउंडबारला आवाज पाठवणाऱ्या एचडीएमआय जोडणीतून जात नाही, तिची नवी आवृत्ती ईएआरसी लागते. रिसीव्हर असेल तर पीसी थेट रिसीव्हरला लावा. डॉल्बी व्हिजनचा नाद सोडा, पीसीवर ते धड चालत नाही, एचडीआर१० वर समाधान माना.

६. आता कार्डं, नावानिशी

हे घेऊ नका: जीटी ७१०, जीटी ७३०, आर५ २३०. नवीन, सीलबंद, वॉरंटीसकट आणि स्वस्तात मिळतात म्हणून लोक फसतात. यांना एचईव्हीसी उलगडता येत नाही आणि एचडीएमआयही जुनं. तुमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा असेल तर हे कार्ड लावून तुम्ही पैसे देऊन मागे जाता.

जीटी १०३०: २०१७ चं, ३० वॉटचं, पंखा नसलेलंही मिळतं, १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ चालतं, एव्ही१ नाही. यात मोठी मेख आहे. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं दुसरं कार्ड आलं, त्याचा मेमरीचा वेग मूळच्या जीडीडीआर५ वाल्याच्या साधारण तिसरा हिस्सा, ४८ जीबी प्रति सेकंदाऐवजी १७ च्या आत. खोक्यावर जीटी १०३० एवढंच मोठ्या अक्षरात असतं आणि मेमरीचा प्रकार कोपऱ्यात बारीक. एका दुकानात "दोन्ही सेमच आहेत साहेब, मेमरी दोन जीबीच ना" असं मला अगदी आत्मविश्वासाने सांगण्यात आलं होतं. सेम नाहीत. मॉडेल नंबरमध्ये डी४ दिसलं की खोका परत काउंटरवर.

आणि आणखी एक, जीटी १०३० आणि जीटीएक्स १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतली आहेत तिचे नियमित ड्रायव्हर एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट, तेही २०२८ पर्यंत. घरात पडलंय किंवा कुणी फुकटात देतंय तर जरूर लावा. नवीन विकत घ्यायचं कार्ड हे नव्हे.

आरएक्स ५५०: दिसतं स्वस्त, एचईव्हीसी चालतं, पण व्हीपी९ नीट हार्डवेअरमध्ये होत नाही. यूट्यूब बघणाऱ्याने टाळावं.

आरएक्स ६४००: २०२२ चं, ५३ वॉट, एक स्लॉटचं लो प्रोफाइल मिळतं, एचडीएमआय २.१. पिक्चरसाठी उत्तम आणि थोडेफार गेमही चालतात. पण २०२२ चं असूनही एव्ही१ नाही, आणि व्हिडिओ एन्कोड करता येत नाही, म्हणजे प्लेक्स किंवा जेलीफिन या घरातल्या घरात पिक्चर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घरातल्या फोनना पिक्चर बदलून पाठवायचा विचार असेल तर हे बाद. जुन्या मदरबोर्डवर गेममध्येही मार खातं कारण त्याला मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन म्हणजे वाटा आहेत, पिक्चरला त्याने काही बिघडत नाही.

इंटेल आर्क ए३१०: माझी पहिली पसंती, पण अटींसकट. एव्ही१ डिकोड होतं, एन्कोडही होतं, लो प्रोफाइल एक स्लॉटमध्ये मिळतं, वेगळी वायर नको. एवढ्याशा कार्डात व्हिडिओचं सगळं जमणारं दुसरं क्वचितच सापडेल. अटी अशा की मशीन यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीच्या मोडमध्ये बूट व्हायला हवं, फार जुन्या बायोसवर (पीसी चालू होतानाच्या मूळ सॉफ्टवेअरवर) पडदा काळाच राहू शकतो. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर गेममध्ये ते लंगडं पडतं, पिक्चरला चालतं. नुसतं चालू ठेवलं तरी वीज जरा जास्त खातं, बायोसमध्ये एएसपीएम ही वीज वाचवायची सेटिंग चालू केली तर कमी होतं. आणि छोट्या पंख्याची मॉडेल घरघर करतात, रात्री सगळं शांत असताना ते ऐकू येतं, त्यामुळे घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा आवाज कुणाच्या व्हिडिओत ऐकून घ्या.

जीटीएक्स १६५०: सेकंडहँड लो प्रोफाइल चांगल्या भावात मिळालं तर छान, ४ जीबी, ७५ वॉट. बहुतेक मॉडेल दोन स्लॉटची, जागा बघा.

आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती: फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ७० वॉट, वेगळी वायर नाही, एव्ही१ डिकोड आहे, एचडीएमआय २.१ आहे, लो प्रोफाइल मॉडेल आहेत. जुने ७२०पी व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर सुधारून दाखवणारं आरटीएक्सचं सुपर रिझोल्यूशनही ब्राउझरमध्ये चालतं. फक्त पिक्चरसाठी महाग आहे, पण पोरांना अधूनमधून गेम हवे असतील तर हेच घ्या. मात्र ३०५० ची ८ जीबीवालीही आहे, तिला वायर लागते आणि ती एसएफएफमध्ये जात नाही, ऑर्डर देताना आकडा दोनदा वाचा.

एक आडवाट: ऑफिसांमधून निघालेली टी४००, टी६००, टी१००० ही वर्कस्टेशन कार्डं. ३० ते ५० वॉट, एक स्लॉट, लो प्रोफाइल, एकदम शांत. त्यांना फक्त मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, तेव्हा ॲक्टिव्ह अडॅप्टरचा खर्च धरा. माझ्या मावसभावाकडे नाशिकला टी६०० लावलंय, पीसी चालू आहे का बंद ते पुढचा दिवा बघूनच कळतं.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: लिब्रेएलेक ही छोटी लिनक्स टाकून थेट कोडी हा पिक्चर प्लेअर चालवणार असाल तर इंटेल किंवा एएमडी घ्या. एनव्हीडियासाठी वेगळी जुन्या पद्धतीची इमेज म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल असते आणि त्यात एचडीआर नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे येत नाही, तेव्हा लिनक्सचा विचार आज ना उद्या करावाच लागणार.

७. ओटीटीसाठी कार्ड घेताय? थांबा

नेटफ्लिक्सचं फोरके विंडोजवर एज ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या ॲपमध्येच मिळतं, त्याला प्रीमियम प्लॅन, एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी व्यवस्था) असलेला टीव्ही, एचईव्हीसी एक्स्टेन्शन लागतं, आणि कार्ड एनव्हीडियाचं असेल तर कमीत कमी ३ जीबी मेमरी. म्हणजे २ जीबीचं जीटी १०३० इथेच बाद, डिकोड येत असूनही. बाकीच्या सेवांचंही पीसीवर असंच काहीतरी त्रांगडं असतं. खरं सांगू का, ओटीटी टीव्हीच्या ॲपवर किंवा एखाद्या स्टिकवर बघा आणि पीसी आपल्या फायलींसाठी आणि यूट्यूबसाठी ठेवा. डोक्याला ताप कमी.

८. विकत घेताना

नवीन घेताना पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या बिलात १८ टक्के वाचतात आणि वॉरंटीच्या वेळी तेच अंगाशी येतात. कार्डाच्या मागच्या स्टिकरचा फोटो दुकानातच काढा, एकदा बसवल्यावर तो दिसत नाही.

सेकंडहँड असेल तर चालू मशीनमध्ये लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. बाजारात अशी कार्डं फिरतात ज्यांचं बायोस बदलून जुन्या चिपला १०५० टीआय म्हणून खपवलेलं असतं, जीपीयू-झेड अशा एनव्हीडिया कार्डाच्या नावाच्या आधी "फेक" असं लिहून दाखवतं. पंखा बोटाने फिरवून बघा, डगमगतो का. आणि ती छोटी पट्टी मागा, परत सांगतोय.

९. बसवणं

फार अवघड नाही. जुना ड्रायव्हर आधी काढून टाका. वीज बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. पट्टी बदलायची असेल तर पोर्टच्या बाजूचे षटकोनी स्क्रू जपून काढा, ते गादीखाली गेले की गेले. जुनं कार्ड असेल, विशेषतः कोकणात पावसाळा काढलेलं, तर सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कचरा झटकून टाका. स्लॉटमध्ये सरळ दाबा, मागची खिट्टी "टक्" अशी बसली पाहिजे.

मग टीव्हीची केबल कार्डाला लावा. हसू नका, मदरबोर्डच्या पोर्टलाच केबल ठेवून "डिस्प्ले येत नाही" असे फोन मला आलेत. तरीही काही दिसलं नाही तर केबल परत मदरबोर्डला लावून बायोसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआय एक्सप्रेस करा. विंडोजमध्ये आवाजाचं आउटपुटही कार्डाच्या एचडीएमआयवर आणावं लागतं, ते आपोआप होईलच असं नाही.

१०. खरंच काम करतंय का ते बघा

तुमच्याकडची सगळ्यात जड फाइल लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडा. तिथे "व्हिडिओ डिकोड" नावाचा वेगळा आलेख असतो. तो वर चढलेला आणि प्रोसेसर दहा टक्क्यांच्या आत पहुडलेला, असं दिसलं तर जमलं. डिकोड शून्यावर आणि प्रोसेसर ऐंशीवर असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद आहे, कार्डाला शिव्या घालू नका.

दुसरं, पिक्चर २३.९७६ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र हलके हिसके देतं. कोडीमध्ये "ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट" हे "सुरू करताना आणि थांबवताना" असं ठेवा. सुरुवातीला पडदा क्षणभर काळा होतो, तो व्हायलाच हवा.

टीव्हीच्या रिमोटने पीसी चालेल अशी आशा असेल तर सांगून ठेवतो, ग्राफिक्स कार्डांना एचडीएमआय सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने जोडलेलं यंत्र चालवायची सोय नसते. त्याचा वेगळा यूएसबी अडॅप्टर मिळतो, नाहीतर एअर माऊस घ्या, घरातल्या मोठ्यांना तोच सोपा जातो.

राहिली गरमी. आपल्याकडे टीव्ही युनिट म्हणजे मागून बंद प्लायवूडचा कप्पा, समोर काच. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्या कप्प्यात बिनपंख्याचं कार्ड म्हणजे आत तापतच राहणार. मागच्या प्लायला सुताराकडून हाताच्या पंजाएवढी दोन भोकं पाडून घ्या, एक खाली एक वर, आणि काच उघडी ठेवायची घरात सवय लावा. पंखा असलेलं कार्ड असेल तर दर दिवाळीच्या साफसफाईत डबा बाहेर काढून ब्लोअर मारा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडून जोरात फिरवलं तर बेअरिंग जातं.